फॉर्मची मागची बाजू

खतीब सरांनी पेटी उघडली
तेव्हा आधी सरकीचा वास आला, मग कागदांचा.
सोमवारी विभाग बंद व्हायचा होता.
कपाट गृहअर्थशास्त्राला, टेबल परीक्षा विभागाला.
आणि मी,
तत्त्वज्ञान, बी. ए. भाग तीन, एकूण पट एक,
मला कोणाकडे सोपवायचं
ते संस्थेच्या पत्रात नव्हतं.

कागद त्यांच्या मोठ्या चुलत्यांचा. मुनीरुद्दीन खतीब.
एकोणपन्नास साली दारव्ह्याच्या फलाटावरून
शकुंतलेत बसले, मूर्तिजापूरला गाडी बदलली,
आणि गेले एका देशात
जो स्वतःच दोन वर्षांचा होता.

दोन वर्षांचं लेकरू बोट दाखवतं, हे काय, ते काय.
देशही विचारत असावा,
कारण तिथे एका जुन्या पागेत
सतरा पोरं आणि एक मास्तर
असा तत्त्वज्ञान विभाग निघाला.
खुर्च्या नव्हत्या. पोरं आपापल्या ट्रंकांवर बसत,
काहींच्या ट्रंका अजून उघडलेल्याच नव्हत्या.
कागदाचीही टंचाई.
म्हणून पहिला अभ्यासक्रम लिहिला गेला
सोडून आलेल्या मालमत्तेच्या दाव्याच्या फॉर्मवर,
मागच्या कोऱ्या बाजूला.

मला उर्दू येत नाही. सर वाचत होते,
मराठीत सांगत होते, मधेच वऱ्हाडीत उतरत होते.
पेपर पहिला : मंतिक, म्हंजे तर्क.
पेपर दुसरा : अथेन्सपासून बगदादपर्यंत.
पेपर तिसरा खोडलेला,
पुन्हा लिहिलेला, पुन्हा खोडलेला :
'आपलं तत्त्वज्ञान'.
'आपलं'खाली रेघ. रेघेची शाई वेगळी.
"हे त्याईले मरेपर्यंत सुटलं नाही," सर म्हणाले.
लंडनहून आलेली पुस्तकं आपली?
की मदरशातल्या वाळवी लागलेल्या पोथ्या?
की या पोराचा प्रश्न, जो ट्रंकेवर बसून विचारतो
की सर, देश आधी की देशाची कल्पना?

सोबत एक पत्र होतं.
राजधानीतून समिती आली, तिने विचारलं :
या विषयाचा राष्ट्राला उपयोग काय?
चुलते लिहितात : मी म्हणालो,
प्रश्न उत्तम आहे, चौथ्या पेपरात घालू.
समितीतला एकच माणूस हसला.
त्याची पुढे बदली झाली.

मग वीसेक वर्षांची पत्रं सरांनी पटापट उलटली.
परिषदा. भाषणं. कोणाला बढती, कोणाला नोटीस.
देश मधोमध फाटला त्या साली
एकच कार्ड, एकच ओळ :
तिकडच्या विभागात माझे दोन विद्यार्थी शिकवत होते,
पत्रांना उत्तर येत नाही.

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
मग फॉर्म पालथा केला.

पुढची बाजू.
घर : एक, मातीचं.
निंब : तीन.
शेत : अकरा एकर, पैकी दीड पडीत.
विहीर : एक, पाणी गोड.
किंमत या रकान्यात आकडा नाही.
तिथे बारीक अक्षरात लिहिलंय :
विहीर जागेवर आहे. मग हरवलं ते काय?
दावा त्यांनी दाखल केलाच नाही.
फॉर्म भावाला पोस्टाने पाठवून दिला,
अभ्यासक्रम तपासून कळव, म्हणून.
भाऊ चौथी शिकलेला, जिनिंगमध्ये कापूस तोलणारा.

एवढ्यात कपाट न्यायला उकंडाभाऊ आला.
ऐकत उभा राहिला दारात.
"थे खतीबाची इहीर?
मी कालच तिथं पानी पेलो, सर.
कोनाची हाय म्हून
तिले काई इचारलं नाही."

सर म्हणाले, "लिहून घे. पेपर तिसरा."
ते गंमत करत होते की नाही
मला अजून ठरवता आलेलं नाही.

कपाट गेलं. भिंतीवर त्याच्या आकाराची
एक पांढरी जागा उरली.
विभाग बंद करण्याचा फॉर्म तीन प्रतींत भरायचा होता,
पुढच्या बाजूला विद्यार्थ्याची सही, ना हरकत म्हणून.
मी गठ्ठ्यातून चार उचलले.